करंगळीवरची खळ

आमच्या दुकानातल्या खळीने एकदा एका बकरीची वाचा बंद केली होती. ओट्यावर वाळत ठेवलेला कायद्याचा एक नवाकोरा खंड तिने पाठीकडून खायला घेतला, आणि तिचे जबडे असे काही चिकटले की आठवडाभर ती नुसती सगळ्यांकडे बघत राहिली. त्या आठवड्यात गल्लीत तिला फार मान होता. हिला सगळं कळतं पण बोलत नाही, असं लोक म्हणायचे. मी ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा गिऱ्हाईक हसतं, आणि माझी भाची हातातल्या कामावरून मान न उचलता म्हणते, "मागच्या वेळी ते गाढव होतं, मामा."

दुकान तिचंच आहे, पुस्तकबांधणीचं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्यांनी ते थाटलं आणि जाताना तिच्या हवाली केलं. खाली दुकान, वर घर. घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण. मी पलीकडच्या गल्लीत राहतो, पण जेवायला आणि बोलायला इथेच असतो, आणि त्यातून वेळ उरला तर फर्मे शिवतो. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांचा एक गठ्ठा. फर्म्यावर फर्मा शिवत जायचं, पाठीला खळ लावायची, दाबात, म्हणजे चाकाच्या प्रेसमध्ये, आवळून ठेवायचं, वाळलं की पुठ्ठा चढवायचा. झालं पुस्तक. भाचीला सगळे सुतळी म्हणतात. लहानपणी ती उंच होत गेली आणि रुंद व्हायचं विसरून गेली, म्हणून तिच्या वडिलांनी ठेवलेलं नाव. तेव्हा त्यात गंमत होती.

पुढे गंमत उरली नाही. चाळिशी जवळ आली तशी ती आणखीच वाळत चालली. दाबाचं चाक फिरवताना मध्येच थांबून भिंतीला टेकायची. तोंड सारखं आलेलं. पोट कधी फुगलेलं, कधी बिघडलेलं. रक्तात लोह नाही म्हणून गोळ्या चालू केल्या, तर त्या कुठल्या भोकातून गळून जात होत्या कोण जाणे. ताई म्हणाली, हे कामाने झालंय. मी म्हणालो, वयाने झालंय. सुतळी म्हणाली, तुम्हा दोघांच्या बोलण्याने झालंय.

शेवटी ताईनेच तिला धरून पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो. मला घरी ठेवलं तर मी डॉक्टरांविषयी काहीबाही पसरवीन, अशी ताईला भीती. डॉक्टर म्हणजे एक शांत बाई, महत्त्वाचं काही बोलायच्या आधी चष्मा पुसणारी. त्यांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याच्या अस्तराचे बारीक कण काढून पाहिले, आणि चष्मा पुसला. सिलिअ‍ॅक, असं त्या म्हणाल्या. ताईला ते एखाद्या दूरच्या पाहुण्याचं नाव वाटलं असावं, कारण तिने विचारलं, "किती दिवस राहणार?"

"कायमचा," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. बार्लीत आणि राय नावाच्या धान्यातही त्याची भावंडं असतात. आपल्या पोटातल्या रसांना ते पुरतं तोडता येत नाही, लांबलचक तुकडे उरतात. बहुतेकांच्या पोटातून हे तुकडे मुकाट्याने निघून जातात. पण काही माणसं आईबापांकडून एक खूण घेऊन जन्माला येतात. ती खूण म्हणजे जणू एक मूठ. तिच्यात हा तुकडा बरोबर बसतो, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना उचलून दाखवला जातो. ही मूठ पुष्कळांना असते, आजार मात्र त्यातल्या थोड्यांनाच होतो. कुणाला, कधी आणि का, हे अजून नीट उलगडलेलं नाही. पोटातला एखादा साधा संसर्गही निमित्त होत असेल.

"आणि तुकडा मुठीत घट्ट बसतो तो आणखी एकामुळे," डॉक्टर म्हणाल्या. आतड्याच्या अस्तरात एक पदार्थ असतो. फाटलेलं सांधायचं, प्रथिनाला प्रथिन चिकटवायचं, हे त्याचं काम. गव्हाचा तुकडा त्याच्या तावडीत सापडला की तो त्यात एक बारीकसा बदल करून ठेवतो.

"म्हणजे बाइंडर, आमच्यासारखा," सुतळी म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "हो. बाइंडरच म्हणा."

त्या बदलाने तुकडा मुठीत असा फिट बसतो की पहारेकरी खवळतात. शत्रू समजून ते हल्ला चढवतात, आणि त्या तुकड्याबरोबर बिचाऱ्या बाइंडरलाही आरोपी करतात. रक्ताच्या तपासणीत सापडतं ते त्याच्याविरुद्धचंच हत्यार. या मारामारीत अस्तराची नासधूस होते. निरोगी आतडं आतून मखमलीसारखं असतं, बारीक लव असलेलं, आणि ती लवच अन्न शोषून घेते. सुतळीची लव झिजून सपाट झाली होती. लोहाच्या गोळ्या कुठून गळत होत्या ते कळलं.

मी हे सगळं दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, अर्थात माझ्या पद्धतीने. माझ्या सांगण्यात पहारेकऱ्यांना मिशा होत्या आणि बाइंडरला एक म्हातारा, फार देखणा मामा होता. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा ताईचं आणि माझं दोघांचंही साफ निघालं. माझं तर इतकं साफ की तपासणाऱ्याने ते घरी नेऊन बायकोला दाखवलं. मेव्हणे आयुष्यभर काडीसारखे होते आणि जेवण झालं की पोट धरून बसायचे. पण त्यांचं रक्त आता कुठून आणणार.

उपाय एकच. ग्लुटेन बंद. कमी नव्हे, बंद. ब्रेडचा चुरासुद्धा चालणार नाही. ताईने हे असं मनावर घेतलं की जणू तिला सेनापती नेमलं होतं. पोळ्या, पाव, बिस्किटं, शेवया, सोया सॉस, सगळ्यांची हकालपट्टी. सुरी वेगळी, फळी वेगळी, जॅमची बाटली वेगळी. बाजारातून आणलेल्या प्रत्येक डब्यावरची बारीक अक्षरं ती भिंगाने वाचायची. मला पाव खायचा झाला तर जिन्याखाली उभं राहून खायचा, तोंड धुवायचं आणि मग वर यायचं. ताईसमोर जांभई द्यायचीही मला चोरी झाली होती; न जाणो, तोंडातून एखादा कण उडायचा. सुतळीनेही पथ्य काटेकोर पाळलं. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात ती घरचा डबा घेऊन गेली आणि कोपऱ्यात बसून भात खाऊन आली.

असं वर्ष काढलं. पहिल्या काही महिन्यांत जरा बरं वाटलं, मग गाडी तिथेच अडून बसली. पुन्हा दुर्बीण झाली. डॉक्टरांनी चष्मा इतका वेळ पुसला की मला वाटलं, काच विरघळेल.

लव परत आली नव्हती.

पथ्य खरोखर पक्कं असेल आणि तरी आतडं भरून येत नसेल, तर हा हट्टी प्रकार असू शकतो, असं त्यांनी सांगितलं. तो फार थोड्यांना होतो. त्यातल्याही एका शाखेत अस्तरातले पहारेकरीच बिघडतात, आणि पुढे त्यांचं काहीतरी फार वाईट होऊ शकतं. त्याला जोरकस औषधं लागतात. शरीराची सगळीच पहारेदारी दाबून टाकणारी. ताईने त्या वाईटाचं नाव विचारलं. डॉक्टरांनी ते सांगितलं. कर्करोगाचाच एक प्रकार होता तो. त्यानंतर ताई बराच वेळ पिशवीत काहीतरी शोधत राहिली. पिशवीत काही नव्हतं.

दुसरीही एक वाट होती. नव्या औषधांचे अभ्यास चालू होते. एका गोळीने त्या बाइंडरचेच हात बांधायचे, म्हणजे तो तुकड्याला हात लावणार नाही. एका चूर्णाने पोटातच ग्लुटेनचे बारीक तुकडे करून टाकायचे. आतड्याच्या फटी बुजवणारं एक औषध आलं होतं, पण मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही. काही लोक तर पहारेकऱ्यांनाच शिकवू पाहत होते की बाबांनो, गहू शत्रू नाही. यातल्या एका अभ्यासाला पथ्य पाळूनही आजारी असलेलेच लोक हवे होते. सुतळीला त्यात घेता येईल, असं डॉक्टरांना वाटत होतं. त्याआधी पथ्य खरंच पक्कं आहे याची खातरजमा व्हायला हवी होती. त्यासाठी आहारतज्ज्ञ घरी येणार, दिवसभर बसणार, सगळं बघणार.

"माझ्या स्वयंपाकघरात?" ताई म्हणाली. त्या दोन शब्दांत एक अख्खं युद्ध होतं.

आहारतज्ज्ञ म्हणजे एक गोल चेहऱ्याची, हसरी बाई निघाली. तिने ताईला आधी सांगून टाकलं, की मी चुका काढायला नाही आले, मला फक्त बघायचंय. सकाळभर ती वर होती. फळ्या पाहिल्या, डबे पाहिले, मसाल्यांच्या बाटल्या हुंगल्या, टूथपेस्ट आणि रोजच्या गोळ्या तपासल्या, फडकी कुठे वाळतात ते विचारलं. ताई मागे मागे, भिंग हातात घेऊन. दुपारी आहारतज्ज्ञ म्हणाली, की इतकं स्वच्छ घर मी आजवर पाहिलं नाही. ताईचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. घरात काही सापडत नाही, याचा अर्थ काय होतो, ते तिला कळलं होतं.

जाण्याआधी चहा घ्यायला ती खाली दुकानात आली. मी तिला स्टुलावर बसवलं आणि बकरीची गोष्ट सुरू केली. जबडे चिकटल्यापर्यंत आलो होतो. कोपऱ्यात गॅसवर सुतळी खळ शिजवत होती. खळ उकळली, फुगे आले, तिने आच बंद केली. मग रोज करते तसं भांड्याच्या कडेला करंगळी बुडवून जिभेवर ठेवली, जरा डोळे मिटले, मान हलवली आणि भांडं बाजूला ठेवलं.

आहारतज्ज्ञ बाईचा कप अर्ध्यावर थांबला. "ते काय होतं?"

"खळ," सुतळी म्हणाली. "शिजली का ते बघितलं."

"कशाची असते?"

मला उत्तर येत होतं. ताईलाही येत होतं, ती जिन्यावर उभी होती. दोघांनीही दिलं नाही. सुतळीने सांगितलं, मैद्याची. आणि तिला स्वतःला अजून काहीच उमगलं नव्हतं, म्हणून तिने पुढे नम्रपणे समजावलं, "पण ती खायची नसते. ती खळ आहे."

मग सुतळीने स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं.

हे तिच्या वडिलांनी शिकवलेलं. खळ शिजली की नाही हे डोळ्याने सांगता येतं, असं सगळे म्हणतात, पण ढगाळ दिवशी डोळा फसतो. कच्ची खळ जिभेवर खडूसारखी लागते आणि बुरशीला आमंत्रण देते. शिजलेली गुळगुळीत, बेचव. कालची खळ जरा आंबट लागली तर ती टाकून द्यायची. ती चिमुरडी होती, हात भांड्यापर्यंत पोचत नव्हता, तेव्हापासून मेव्हणे तिला उचलून धरायचे आणि विचारायचे, झाली का गं? त्यांच्यापेक्षा तिची जीभ पक्की होती. दिवसभरात किती वेळा करंगळी भांड्यात आणि भांड्यातून तोंडात जायची, याचा हिशोब कुणी कशाला ठेवेल. बोट खळीने भरलेलं असताना तेच ओलं करून पानं मोजायची. सुईत दोरा ओवायचा तर त्याचं टोक ओठात. जुन्या पुस्तकांच्या पाठी खरवडताना वाळलेल्या खळीचा धुरळा नाकातोंडात जायचा तो वेगळाच. डॉक्टरांनी विचारलं होतं, काय काय खाता? तिने सगळं खरं सांगितलं होतं. हातोडी खातो का, असं सुताराला कोणी विचारत नाही.

सुतळी स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल. ती फक्त म्हणाली, "म्हणजे तो हट्टी प्रकार नाही?"

"माहीत नाही," आहारतज्ज्ञ म्हणाली. तिचं हसू आता अगदी सावध होतं. "हे थांबवल्यावर कळेल. लगेच नाही. महिने लागतील."

त्या दिवसापासून दुकानात मैदा आला नाही. ताईने खळीची भांडी, ब्रश, चमचे, सगळं गोळा करून फेकून दिलं. मेव्हण्यांचं जुनं भांडंसुद्धा. ते टाकताना मात्र ती जिन्यात जरा थांबली होती. तांदळाच्या पिठाची खळ करून पाहिली. ती चांगली निघाली, पण हाताला अनोळखी. लवकर घट्ट व्हायची, पाठीला जरा कमी धरायची, आणि सुतळीला तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागली. ही खळ चाखायला हरकत नव्हती, पण बरेच दिवस तिने चाखली नाही. करंगळी भांड्यापर्यंत जायची आणि हवेत तरंगत राहायची, आणि मग ती खळ चमच्याने काचेवर ओतून उजेडात धरायची. जुन्या पाठी खरवडायचं काम मी घेतलं. मागच्या अंगणात, तोंडाला फडकं बांधून. तोंड बांधलेलं असताना मला बोलता येत नाही, म्हणून ताईने तसलंच आणखी एक फडकं मला भेट म्हणून शिवून दिलं.

ते महिने लांब होते. सुतळी पूर्वीसारखीच काम करायची, पण कधी कधी सुई हातात धरून बसायची, आणि मला कळायचं की ती आतलं ऐकतेय. त्या वेळी मी गोष्टी सांगायचो, एकाहून एक अचाट. आमच्या दाबात एका कवीने स्वतःचं डोकं घातलं आणि त्याच्या सगळ्या कविता एका ओळीच्या झाल्या, ही त्यातलीच. ती म्हणायची, मामा, ही बरी आहे, ही ठेव. मग पुन्हा शिवायला लागायची. जोरकस औषधांबद्दल कुणीच बोलायचं नाही. ताई एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू एवढं खोटं बोलतोस, तर ती बरी होणार आहे असं का सांगत नाहीस?" बकरीचं खोटं वेगळं, हे वेगळं.

तिसऱ्या दुर्बिणीच्या निकालाला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांच्या खोलीत पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एकात सपाट, झिजलेलं काहीतरी. दुसऱ्यात बारीक बारीक उंचवटे, कुठे तोकडे, कुठे चांगले उभे, पावसानंतर माळावर गवत उगवतं तसे. डॉक्टर चष्मा न पुसताच बोलायला लागल्या. लव परत येतेय. अजून पुरती नाही, पण येतेय. रक्तातलं ते हत्यारही जवळपास निवळलंय. हट्टी प्रकार नाही.

ताईने पिशवी उघडली आणि या वेळी तिला रुमाल सापडला.

मग डॉक्टर म्हणाल्या, की आधीच्या अभ्यासात आता सुतळीला घेता येणार नाही, त्यांना न बरे होणारे लोक हवेत. पण दुसरा एक आहे, बरे झालेल्यांसाठी. बाइंडरचे हात बांधणारी तीच गोळी. ती खरंच काम करते का हे बघायचं, तर लोकांनी रोज गव्हाचं एक छोटं बिस्किट खायचं आणि सोबत गोळी घ्यायची. काहींना खरी गोळी, काहींना नुसती दिसायला तशी. कुणाला कुठली ते कुणालाच कळणार नाही. शेवटी पुन्हा दुर्बीण. सुतळीचं आतडं आणखी भरलं की तिचा विचार होऊ शकेल. सक्ती नाही. पण कुणीतरी बिस्किट खाल्ल्याशिवाय औषध येत नाही, हेही खरं.

ताई उठून उभी राहिली. "वर्षभर हिला चुरा लागू दिला नाही मी. आणि आता तुम्ही बिस्किटावर बोलावताय?"

सुतळीने तिला हाताला धरून खाली बसवलं. तिने विचारलं, ती गोळी आली तर पूर्वीसारखं गव्हाचं खाता येईल का? डॉक्टर म्हणाल्या, नाही, तेवढा जोर तिच्यात नसेल. चुकून पोटात जाणाऱ्या कणाकणांपासून वाचवायला ती आहे, पथ्याच्या जोडीला. सुतळीने मान हलवली. चुकून जाणं म्हणजे काय, हे तिला शिकवायला नको होतं. ती पडद्यावरच्या दुसऱ्या चित्राकडे बघत राहिली, त्या तोकड्या उंचवट्यांकडे. डॉक्टर वाट बघत होत्या, घाई न करता. मीसुद्धा गप्प होतो, आणि ताईने दोनदा माझ्याकडे बघून खात्री करून घेतली की मला काही झालेलं नाही.

"मला पुढच्या वर्षी विचारा," सुतळी म्हणाली. "तेव्हा कदाचित हो म्हणेन. आत्ता कुठे मला भूक लागायला लागलीय, डॉक्टर. ती जरा मला वापरू द्या."

डॉक्टर हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचे दात छान आहेत, आणि यात तिखटमीठ काही नाही.

खाली दवाखान्याच्या उपाहारगृहात सुतळीने वाढणाऱ्याला विचारलं, बटाटे कशात उकडले, अंडी कुठल्या तव्यावर, चमचा कुठला. त्याने कंटाळत कंटाळत सगळं सांगितलं. ताई म्हणाली, तवा मी स्वतः बघून येते, आणि आत शिरली. तो मागे धावला. ती समाधानाने परत आली तोवर बशी टेबलावर आली होती. सुतळीने बटाटे संपवले, अंडी संपवली, मग माझ्या बशीकडे पाहिलं.

"तू खाणार आहेस का ते, मामा?"

मी म्हणालो, माझी भूक गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने उसनी नेली, ती अजून परत आलेली नाही. तिने बशी आपल्याकडे ओढली.